वाघरीतलं पिल्लू

भातकापणी उरकली की ठाणे जिल्ह्याच्या रिकाम्या खाचरांत मेंढरं दिसू लागतात. पारनेर तालुक्यातून, ढवळपुरीसारख्या गावांतून निघालेले धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणारे तांडे, माळशेज घाट उतरून मुरबाड, कल्याण, भिवंडीच्या बाजूला येतात. फलटण, बारामतीकडचे वाडे दुसऱ्या घाटांनी रायगडात उतरतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला घर सोडायचं, हिवाळा-उन्हाळा कोकणात काढायचा आणि पावसाच्या तोंडावर पुन्हा घाट चढायचा, हा क्रम कित्येक पिढ्यांचा आहे. कोकणातला मुसळधार पाऊस दख्खनी मेंढीला सोसत नाही, तिचे खूर चिघळतात. घाटावरचा माळ उन्हाळ्यात करपून जातो. या दोन अडचणींच्या मधून धनगराने आपली वाट काढली आहे.

वाडा चालू लागला की मेंढरं पुढे आणि घोडी मागे. घोड्यांच्या पाठीवर सगळं बिऱ्हाड असतं: भांडी, घोंगड्या, पिठाची पोती, मेंढरं कोंडायची जाळी, म्हणजे वाघर. त्या सामानावर खुराड्यातल्या कोंबड्या, चालून दमलेली कोकरं आणि पुष्कळदा महिना-दीड महिन्याची कुत्र्याची पिल्लंही बसलेली दिसतात. कोकराच्या पोटाला पोट लावून पिल्लू झोपलेलं असतं.

हा लेख त्या पिल्लाबद्दल आहे. दोन वर्षांनी वाडा रात्री त्याच्या भरवशावर झोपणार असतो. आणि त्याला राखण शिकवणारा एकही वर्ग, एकही हुकूम, एकही शिट्टी नसते. लहानपण कुठे आणि कोणाबरोबर गेलं, यावरच पुढचं सगळं ठरतं. महाराष्ट्राच्या माळावर हे लहानपण शतकानुशतकं सहज घडत आलं. आता ते सहज राहिलेलं नाही, आणि त्याची दखल कोणी घेतलेली नाही.

वाड्याची रात्र

कोकणातला शेतकरी मेंढरं शेतात बसवून घेतो. रात्रभर कळप एका तुकड्यावर बसला की लेंड्या आणि मूत यांचं खत जमिनीला मिळतं. त्याच्या बदल्यात धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. रोज संध्याकाळी वाघर रोवायची, मेंढरं आत घ्यायची, कोकरं आयांना लावायची आणि सकाळी पुन्हा सोडायची. दोन-चार दिवसांनी तुकडा बदलतो, कधी गावही बदलतं. भिंत, दार, कडी यांतलं काहीच नसतं. अंधार आणि कळप यांच्यामध्ये असते ती जाळी, माणसाची घोंगडी आणि कुत्रं.

कुत्रं वाघरीच्या बाहेर बसतं. लांडगा, तरस, बिबट्या किंवा मेंढरं चोरायला आलेला माणूस, यांपैकी कोणाचीही चाहूल लागली की ते उठतं, भुंकतं आणि येणाऱ्याच्या आणि कळपाच्या मधे उभं राहतं. प्रत्यक्ष झुंज क्वचितच होते. शिकारी जनावर पोट भरायला आलेलं असतं. जखम झाली तर पुढची शिकार त्याला जमणार नाही, म्हणून गलका झाला की बहुतेक वेळा ते वाट बदलतं. राखणदाराचं यश असं न घडलेल्या गोष्टींत असतं. सकाळी मेंढरं पूर्ण भरली, की रात्र चांगली गेली.

मेंढ्यांची कुत्री म्हटलं की शहरातल्या वाचकाला चित्रपटात पाहिलेलं काळं-पांढरं बॉर्डर कॉली आठवतं. मालकाच्या शिट्टीवर ते मेंढ्यांना वळवतं, घेरतं, फाटकातून आत घालतं. ते हाकणारं कुत्रं. त्याच्या अंगात शिकाऱ्याची नजर आणि पाठलाग असतो, फक्त शेवटचा चावा माणसाने काढून टाकलेला असतो. दख्खनच्या माळावर मेंढरं हाकण्याचं काम माणसाचं तोंड, काठी आणि वर्षांची सवय करते. इथल्या कुत्र्याचं काम राखणीचं. त्याने मेंढीचा पाठलाग करायचाच नसतो, तिच्या सोबत असायचं असतं. म्हणून त्याला वाढवण्याची रीत पूर्ण वेगळी आहे.

तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंत

१८३३ साली तरुण चार्ल्स डार्विन आजच्या उरुग्वे देशातल्या कुरणांतून प्रवास करत होता. माणूस काही मैल दूर असताना एक-दोन कुत्री मोठा कळप सांभाळताना त्याने पाहिली आणि त्यांना कसं वाढवतात याची चौकशी केली. पिल्लू अगदी लहानपणीच आईपासून काढतात, दिवसातून तीन-चार वेळा मेंढीला पाजतात, मेंढवाड्यातच त्याला लोकरीचं अंथरूण देतात, आणि दुसऱ्या कुत्र्यांत किंवा घरातल्या मुलांत मिसळू देत नाहीत, असं त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवलं. मोठं झाल्यावर ते कुत्रं कळप सोडून जात नाही, कारण कळप हेच त्याचं कूळ झालेलं असतं.

या गोष्टीमागचं कारण कळायला पुढे शंभरावर वर्षं गेली. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या पिल्लांच्या वाढीवर दीर्घ संशोधन केलं आणि १९६५ साली ते ग्रंथरूपाने मांडलं. पिल्लाचे डोळे दुसऱ्या आठवड्यात उघडतात, तिसऱ्याच्या सुमाराला कान काम करू लागतात. तिथपासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत त्याच्या मनाचं दार उघडं असतं. या काळात जे जे जवळ असेल ते आपलं ठरतं. दार मिटत आलं की नव्या गोष्टीकडे पाहताना आधी भीती येते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या दांपत्याने मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम्पशायर कॉलेजात राखणदार कुत्र्यांचा मोठा प्रकल्प उभारला. युरोप आणि तुर्कस्तानातून मेंढपाळांची कुत्री आणून त्यांची पिल्लं त्यांनी अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना दिली आणि वर्षानुवर्षं निकाल नोंदवले. चांगल्या राखणदारात त्यांनी तीन गुण शोधले: कळपावर लक्ष असणं, कळपाला इजा न करणं आणि धोका आला की पुढे होणं. पहिले दोन नसतील तर तिसऱ्याचा उपयोग नाही. आणि पहिले दोन त्या कोवळ्या आठवड्यांत मेंढ्यांच्या संगतीतच रुजतात.

आता वाड्याकडे पाहा. कळप चरायला गेला की नुकती जन्मलेली कोकरं तळावरच राहतात, कारण त्यांना दिवसभराची चाल झेपत नाही. कुत्रीही तळाच्या आसपासच व्यालेली असते. झाडाखालच्या एकाच सावलीत कोकरं आणि पिल्लं पडलेली असतात. एकमेकांचा वास, ऊब, आवाज त्यांच्या अंगात भिनतो. डार्विनने पाहिलेल्या कुरणावर जे ठरवून केलं जात होतं, ते इथे वाड्याच्या रोजच्या राहणीतूनच घडतं.

आणि हे घडवणाऱ्या बहुतेक बाया असतात. पुरुष मेंढरांमागे रानात जातात. तळावर राहून चूल, पाणी, लेकरं, कोंबड्या, आजारी मेंढी आणि अधू कोकरू बघायचं काम बाईचं. कुठलं पिल्लू कोकराशी धसमुसळेपणा करतं, कुठलं गप्प बसून बघत राहतं, कुठलं परक्या माणसावर आधी भुंकतं, हे तिला सगळ्यांआधी कळतं. कोणतं ठेवायचं आणि कोणतं द्यायचं या निवडीमागे तिची नजर असते. मेंढपाळीवरच्या लिखाणात काठी आणि घोंगडी घेतलेला पुरुषच दिसत राहिला. वाड्याचा राखणदार वाढवणारा हात मात्र तळावर भाकरी थापत होता.

वांड वय

पिल्लू चार-पाच महिन्यांचं झालं की अवघड काळ सुरू होतो. अंगात ताकद येते, दात बदलतात, आणि खेळायला समोर कोकरं असतात. मग ते कोकराच्या मागे धावतं, कान ओढतं, लोकर उपटतं. त्याच्या लेखी हा खेळ असतो, पण घाबरून पळणारं कोकरू पडून मरू शकतं, आणि पाठलागाची गोडी एकदा लागली की ती सुटणं कठीण. पुष्कळ चांगली पिल्लं याच टप्प्यावर वाया जातात.

यावर अनुभवी मेंढपाळाचे उपाय साधे आहेत. पिल्लाला कोवळ्या कोकरांत एकटं सोडायचं नाही. त्याला दांडग्या मेंढ्यांत आणि एखाद्या रागीट एडक्याजवळ ठेवायचं. एक-दोन धडका बसल्या की मेंढीचा मान राखायला ते शिकतं. गळ्यात लोढणं बांधणं हाही जगभरच्या पशुपालकांचा जुना उपाय: लाकडाचा ओंडका पुढच्या पायांत अडखळतो आणि धाव आपोआप थांबते. सगळ्यांत मोठा शिक्षक म्हणजे जुनं कुत्रं. कळपात कसं बसायचं, कुठल्या आवाजाला उठायचं, गावच्या माणसावर किती भुंकायचं, हे पिल्लू त्याच्याकडून उचलतं.

मारून हे काम होत नाही. मार खाल्लेलं कुत्रं मालकाला भितं, मालक दिसेनासा झाला की पुन्हा तेच करतं, आणि राखणदाराचं खरं काम तर मालक झोपल्यावर सुरू होतं. दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत धीर धरावा लागतो. एवढ्या काळात वाडा शेकडो मैल चाललेला असतो, पिल्लाने डांबरी रस्ते, ट्रक, रेल्वेचे रूळ, परकी गावं आणि त्या गावांतली कुत्री पाहिलेली असतात. बांधून वाढलेल्या कुत्र्याला हे शिक्षण मिळत नाही.

भाकरी, दूध आणि जंत

वाड्यावर माणूस खातो तेच कुत्रं खातं: ज्वारी-बाजरीची भाकरी, कधी ताक, कधी दूध. मेंढीचं दूध गाईच्या दुधापेक्षा कितीतरी स्निग्ध असतं, त्यामुळे दूध मिळालेली पिल्लं अंग धरतात. पण कळप आटला की पिल्लाच्या वाट्याला कोरडी भाकरी येते. वाढत्या हाडांना तेवढं पुरत नाही. डाळ, अंडं, शिजवलेलं मांस यांची भर मिळाली तर तेच पिल्लू ताकदीचं होतं.

मांस शिजवलेलंच हवं, यामागे कारण आहे. मेलेली मेंढी किंवा तिचं डोकं आणि आतडी कुत्र्यांपुढे टाकण्याची सवय सगळीकडे आहे. काही मेंढ्यांच्या मेंदूत पाण्याने भरलेली गाठ असते. ती एका फीतकृमीची बाल्यावस्था असते. कुत्र्याने तो मेंदू कच्चा खाल्ला की त्याच्या आतड्यात तो जंत मोठा होतो, अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, ते गवत दुसरी मेंढी खाते आणि तिच्या मेंदूत नवी गाठ तयार होते. मग ती मेंढी मान वाकडी करून एकाच जागी गरगर फिरत राहते आणि शेवटी मरते. याच जातकुळीतला दुसरा जंत मेंढीच्या यकृतात आणि फुप्फुसात गाठी करतो, आणि कुत्र्यामार्फत माणसालाही, विशेषतः कुत्र्याशी खेळणाऱ्या मुलांना, होऊ शकतो. म्हणजे कळप वाचवणारं कुत्रंच नकळत कळपाचं आणि घराचं नुकसान करू शकतं. हे चक्र तोडायला दोन गोष्टी पुरतात: मेलेल्या जनावराचं डोकं, यकृत, फुप्फुसं आणि आतडी पुरून किंवा जाळून टाकणं, आणि प्राझिक्वांटेल या स्वस्त औषधाची गोळी कुत्र्याला ठरावीक काळाने देणं.

लसींची गोष्टही अशीच. सहा-आठ आठवड्यांपासून पार्व्हो आणि डिस्टेंपरची लस, तीन महिन्यांनंतर रेबीजची, आणि मग दरवर्षी पुढचा डोस. पशुवैद्यकीय दवाखाना गावाला बांधलेला आहे आणि वाडा वाटेला. पहिला डोस बारामतीत घेतला तर दुसऱ्याच्या वेळी वाडा कर्जतला असतो. फिरत्या माणसाची नोंद ठेवायची सवयच आपल्या यंत्रणेला नाही, मग फिरत्या कुत्र्याची कोण ठेवणार?

लांडगा, बिबट्या आणि शांती नगर

भारतीय लांडगा जंगलापेक्षा माळावर राहतो. सोलापूरचं नान्नज, इंदापूरची कडबनवाडी, पुण्याजवळचं सासवड, ही त्याची ठिकाणं. देशभरात तीन हजारांच्या आसपास लांडगे उरले आहेत, म्हणजे वाघांच्या आकड्याच्या जवळपास, पण वाघासारखी राखीव रानं त्यांच्या वाट्याला फारशी आलेली नाहीत. ते मेंढपाळांच्याच मागे फिरतात, त्यांच्याच माळावर पिल्लं घालतात. लांडगा मारणं कळपाला लाभत नाही असं मानणारे मेंढपाळ आजही भेटतात. ही श्रद्धा टिकायला कुत्र्याचा आधार लागतो. राखण चोख असेल तरच माणूस लांडग्याला सोसतो. आफ्रिकेतल्या नामिबियात चित्त्यांसाठी काम करणाऱ्या लॉरी मार्कर यांच्या संस्थेने १९९४ पासून शेतकऱ्यांना तुर्की जातीची राखणदार पिल्लं दिली. बहुतेक शेतांवर जनावरांचं नुकसान मोठ्या प्रमाणात घटलं, आणि चित्त्यांवर बंदूक उचलणारे बरेच हात थांबले.

बिबट्याचं प्रकरण वेगळं आहे, कारण त्याला कुत्रंच आवडतं. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास करून २०१४ साली निष्कर्ष मांडले. ऊस आणि वस्तीत राहणाऱ्या त्या बिबट्यांच्या खाण्यात वजनाने सर्वांत मोठा वाटा, ३९ टक्के, पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा होता. घाट उतरणाऱ्या वाड्याची वाट अशाच मुलखातून जाते. एकट्या कुत्र्याचा बिबट्यापुढे निभाव लागणं कठीण. म्हणून दोन-तीन कुत्री एकत्र हवीत आणि पिल्लं रात्री माणसांच्या मधे हवीत.

मुंबईलगतच्या मिरा रोडच्या शांती नगरात राहणाऱ्या आम्हा शहरवासीयांना हे दूरचं वाटू नये. आमच्या सेक्टरांपासून महामार्ग ओलांडला की काशीमिरा, घोडबंदरच्या बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर सुरू होतो. त्या उद्यानाच्या कडेचे बिबटेही मोठ्या प्रमाणावर भटकी कुत्री खाऊन जगतात, हे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडलं गेलं. इमारतीखाली जन्मलेलं पिल्लू आणि वाघरीशेजारी जन्मलेलं पिल्लू यांच्या रक्तात फार मोठा फरक असेलच असं नाही. पहिल्याचे ते कोवळे आठवडे वाहनांखाली आणि कचऱ्याकाठी जातात, त्याला कूळ मिळत नाही आणि काम मिळत नाही. दुसऱ्याला दोन्ही मिळतात. रस्त्यावरच्या कुत्र्यांवर शहरात तावातावाने वाद होतात. त्या वादात हा साधा मुद्दा यायला हवा: कुत्रं कसं निपजेल हे त्याच्या लहानपणाची जबाबदारी कोणी घेतली यावर ठरतं.

जबाबदारी न घेतलेल्या कुत्र्यांची किंमत माळही मोजतो आहे. पुणे परिसरातल्या काही वेगळ्या रंगाच्या लांडग्यांची जनुकीय तपासणी झाली आणि २०२३ साली शास्त्रज्ञांनी ते लांडगा आणि कुत्रा यांच्या संकरातून आल्याचं दाखवलं. लांडगे थोडे, मोकाट कुत्री अफाट. असंच चालू राहिलं तर लांडग्याचं वेगळेपण विरघळत जाईल. डिस्टेंपरसारखे रोग कुत्र्यांतून रानात जाण्याचा धोका आहेच. २०१८ साली गीरमध्ये त्या विषाणूने सिंह दगावले, तेव्हा देशाला तो धोका कळला. लस टोचलेलं, नको असलेली वीण थांबवलेलं, कळपाला धरून राहणारं वाड्याचं कुत्रं हा त्यावर उपाय आहे. तेच कुत्रं दुर्लक्षित राहिलं तर अडचणीत भर घालतं.

खंडोबाचा सोबती

महाराष्ट्राने कुत्र्याला देवाच्या पायाशी जागा दिली आहे. १९७४ साली दायमाबादला, प्रवरेच्या काठी, एका शेतकऱ्याला तांब्याच्या ओतीव मूर्ती सापडल्या. त्यांतल्या बैलगाडीत उभ्या माणसाच्या पुढे, दांडीवर, एक कुत्रं उभं आहे. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचं ते काम मानलं जातं. खंडोबाच्या घोड्यासोबत कुत्रं असतं. जेजुरीचा वाघ्या स्वतःला त्या देवाचं कुत्रं म्हणवतो, कोटंब्यातून भिक्षा घेतो. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा घास कुत्र्यालाही घालतात. या देवाने धनगराच्या बाणाईसाठी मेंढरं राखली, अशी कथा आहे. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने वर्षानुवर्षं धनगरांत फिरून बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या देवांचा मेंढपाळांच्या वाटांशी असलेला संबंध उलगडला. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहूंच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे.

एवढा मान असूनही वाड्यावरच्या राखणदार कुत्र्याची जात म्हणून कागदावर मात्र नोंद नाही. मुधोळच्या घोरपड्यांनी जोपासलेलं शिकारी कुत्रं २००५ साली टपाल तिकिटावर आलं, त्याच्यासाठी कर्नाटकात संशोधन केंद्र उभं राहिलं, सैन्याने ते प्रशिक्षणाला घेतलं. करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने राजपालयम, चिप्पीपराई, मुधोळ यांची जात म्हणून नोंद केली. हिमाचलच्या गद्दी मेंढपाळांच्या कुत्र्यालाही तो मान मिळाला. हे सगळं योग्यच झालं. गद्दी कुत्र्याची नोंद तर वाट दाखवणारी आहे, कारण ते आपल्या वाड्यावरच्या कुत्र्यासारखंच कळपाबरोबर डोंगर चढणारं राखणदार आहे. दख्खनच्या मेंढपाळाच्या कुत्र्याकडे त्या नजरेने पाहायची वेळ आता आली आहे.

पुढच्या हंगामाआधी

२०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या होत्या. वाडे कमी होत चालले आहेत, माळ औद्योगिक वसाहतींत आणि बागायतीत जातो आहे, पोरं शाळेत जातात आणि जावीतच. बंदिस्त मेंढीपालन वाढतंय. तिथे कुत्रं साखळीला असतं, पिल्लू बाजारातून वयाने मोठं झाल्यावर आणलं जातं, आणि ते मेंढ्यांना आपलं म्हणत नाही. तेव्हा वाड्यावरचं ज्ञान नव्या गोठ्यात न्यायचं असेल तर ते आताच लिहून ठेवायला हवं, आणि ते सांगू शकणाऱ्या बाया आज हयात आहेत.

करता येण्याजोगं पुष्कळ आहे. मेंढपाळांसाठी २०१७ साली सुरू झालेल्या महामेष योजनेत २० मेंढ्या आणि एक मेंढानर यांचा गट ७५ टक्के अनुदानावर देतात. त्याच गटासोबत लस टोचलेली, कोकरांत वाढलेली दोन पिल्लं द्यावीत आणि ती विकणाऱ्या वाड्यांना रास्त दाम मिळावा. माळशेजसारख्या घाटांच्या पायथ्याशी, वाडे उतरतात त्या आठवड्यांत, पशुवैद्यकांची पथकं बसवावीत: रेबीज आणि डिस्टेंपरची लस, जंताची गोळी, नको असलेल्या विणीसाठी शस्त्रक्रिया, आणि वाड्यासोबत कुठल्याही जिल्ह्यात चालणारं एक कार्ड. फलटणच्या निंबकर संस्थेने मेंढपाळांच्या कळपांत जाऊन, मेंढीगणिक नोंद ठेवून, जुळी कोकरं देणारी मेंढी घडवली. माळावर, वाड्यांच्या सोबतीने, शिस्तीत नोंद होऊ शकते हे तिथे सिद्ध झालं आहे. कुत्र्यांची तशी नोंद करणं त्याहून अवघड नाही.

आपल्या ताटातलं मटण आणि दारातली घोंगडी यांच्यामागे कोणाची तरी जागी रात्र असते. त्या राखणदाराला लस, नोंद आणि पोटभर अन्न देण्याचा खर्च फार नाही. नऊ आठवड्यांच्या संगतीत जे घडतं ते पैशाने पुन्हा उभं करता येत नाही. ते घडवणारे वाडे चालते राहतील एवढं मात्र आपण नक्की करू शकतो.